रेघ वाचतां येणें हीही साक्षरताच होय

सांगलीहून तासगांवच्या रस्त्यानें निघालें म्हणजे शहर सुटतें न सुटतें तोंच माधवनगरची पेठ लागते. पेठेच्या पलीकडे बुधगांव. तें एके काळीं मिरज संस्थानाच्या धाकट्या पातीची राजधानी होतें आणि आज तेथें १९८३ सालापासून अभियांत्रिकी महाविद्यालय चालू आहे. अलीकडे सांगलीच्या विश्रामबागेंत धोंडूमामा साठे यांनीं १९४७ सालीं स्थापिलेलें व १९५५ पासून वालचंद यांच्या नांवानें चाललेलें दुसरें महाविद्यालय आहे. बाजूस कुपवाड व मिरज येथील कारखान्यांच्या वसाहती पसरल्या आहेत. म्हणजे दोन अंगांस विद्या, एका अंगास उद्योग आणि मध्यें व्यापार अशी या गांवाची मांडणी दैवानेंच करून ठेविली आहे. असें असतां येथील दहावीपर्यंत शिकलेल्या मुलापुढें एखाद्या साध्या यंत्रभागाचें आरेखन ठेवावें, तर तो त्याकडे परक्या लिपीचा ताम्रपट पाहावा तसा पाहत राहतो! ही गोष्ट लाजिरवाणी आहे असें आम्हांस वाटतें, आणि ती आमच्या वाचकांपुढें आज स्पष्टपणें मांडावी म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

कोणत्याही लहान कारखान्यांत काम मागावयास गेलेल्या मुलास पहिला प्रश्न विचारण्यांत येतो तो हा कीं, "ड्रॉइंग वाचतां येतें का?" 'होय' म्हणणारा लेथपाशीं उभा राहतो, आणि 'नाहीं' म्हणणारा झाडलोट व उचलठेव करणारा हेल्पर होतो. दोघांच्या हातांत बळ सारखेंच, दोघांची बुद्धिही पुष्कळ वेळां सारखीच. भेद काय तो एका कागदाचा. जो मनुष्य कागदावरील रेघ वाचूं शकत नाहीं, त्यास दुसऱ्यानें सांगितल्यावांचून एक पाऊलही टाकतां येत नाहीं, आणि जो दुसऱ्याच्या सांगण्यावरच जन्मभर चालतो तो कारागीर न होतां हमालच राहतो. म्हणून आरेखनाचें प्राथमिक ज्ञान ही इंजिनियरांचीच मिरासदारी आहे असें समजणें म्हणजे अक्षरओळख ही पंडितांचीच मिरासदारी आहे असें समजण्यासारखें होय. तो समज आपल्या समाजानें एकदां शतकानुशतकें बाळगला, आणि त्याचीं फळेंही यथास्थित भोगलीं.

या विद्येनें काय होऊं शकतें याचा पुरावा शोधण्यास विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, पुणें-मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी आहे. तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकलेची आवड म्हणून १८८५ च्या सुमारास ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. दोन वर्षांनीं असें निघालें कीं, त्यांस रंगांतील भेद नीट ओळखतां येत नाहीं. चित्रकाराच्या दृष्टीनें हा निकाल म्हणजे फांशीचीच शिक्षा. परंतु रंग गेला तरी रेघ उरली होती. त्यांनीं यांत्रिक आरेखनाचा अभ्यास चालूच ठेविला, आणि १८८७ सालीं मुंबईंत निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकविण्याची जागा त्यांस मिळाली. शिकवीत असतां ते तेथील यंत्रशाळेंत स्वतः हात काळे करूं लागले. पुढें बढतीच्या प्रसंगीं आपल्या हक्कावर गोऱ्या रक्ताच्या माणसास बसविलेलें पाहून त्यांनीं ती नोकरी सोडिली आणि बेळगांवची वाट धरिली. सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे व तेथून लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाच्या फाळानें जमिनींत विष कालवलें जातें अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तीशींही त्यांस झगडावें लागलें. १९१० सालीं औंधचे अधिपति, जे स्वतः चित्रकार होते, त्यांच्या आश्रयानें कुंडल रोड स्टेशनाजवळच्या ओसाड माळावर बत्तीस एकर जागेंत किर्लोस्करवाडी उभी राहिली.

हा इतिहास पुष्कळांनीं ऐकिला आहे. परंतु त्यांतील मर्म फार थोड्यांच्या ध्यानांत राहतें. लक्ष्मणरावांपाशीं ना वडिलोपार्जित भांडवल होतें, ना विश्वविद्यालयाची इंजिनियरची पदवी होती. त्यांच्यापाशीं जी पुंजी होती ती हीच कीं, मनांत आलेली वस्तु कागदावर अचूक उतरवितां येणें, आणि दुसऱ्यानें कागदावर उतरविलेली वस्तु मनांत उभी करतां येणें. जो हें करूं शकतो त्यास परक्याचें यंत्र पाहून त्यांतील बिंग कळतें, त्यांत आपल्या मातीस व बैलास सोईचा फरक करतां येतो, आणि तो फरक दहा कारागिरांच्या हातून एकसारखा करवून घेतां येतो. पहिली गोष्ट नक्कल होय, दुसरी अक्कल होय, आणि तिसरी उद्योग होय. तिहींचें मूळ आरेखनांत आहे.

आतां हें आरेखन म्हणजे काय, तें ज्या वाचकांचा या विषयाशीं संबंध आला नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. चहाचा कप पुढें ठेवा. चित्रकार त्याचें चित्र काढील तेव्हां कपाचें तोंड लांबट अंड्यासारखें काढील, कारण डोळ्यास तें तसें दिसतें. परंतु त्या चित्रावरून दुसरा कप घडवूं म्हटलें तर तोंड गोल कीं लांबट, कान किती बाहेर, बूड किती जाड, यांपैकीं कशाचाच निर्णय होत नाहीं. आरेखनकार निराळी युक्ति योजितो. तो कपाकडे तीन ठिकाणांहून सरळ पाहतो: समोरून, वरून व बाजूनें. प्रत्येक वेळीं जें दिसेल तें, जणूं सर्व किरण एकमेकांस समांतर येत आहेत असें मानून, कागदावर पाडतो. वरून पाहतां तोंड स्वच्छ वर्तुळ दिसतें. समोरून उंची व कानाचा आकार दिसतो. बाजूनें कानाची जाडी दिसते. बुडाची जाडी बाहेरून दिसतच नाहीं. तिच्यासाठीं तो कप करवतीनें उभा कापला आहे अशी कल्पना करून छेद दाखवितो. चित्र वस्तु दिसते तशी दाखवितें, आरेखन ती आहे तशी दाखवितें. या विद्येचा पाया म्हणून जें काय आहे तें एवढ्यांत आलें. बाकीची सर्व वहिवाट होय.

ती वहिवाटही थोडीच आहे, पण ती नेमकी पाळावी लागते. जी कड डोळ्यास दिसते ती ठळक अखंड रेघेनें, जी आड लपलेली ती तुटक रेघेनें, आणि मध्यरेषा लांब-आंखूड तुकड्यांच्या बारीक रेघेनें दाखवावयाची. माप लिहिण्याची रेघ बारीक, व तिच्या दोन्ही टोंकांस बाण. एक माप एकदांच लिहावयाचें. दोनदां लिहिलें तर तंट्यास जागा राहते. वस्तु कागदाहून मोठी असेल तर प्रमाण धरून लहान काढावयाची. १:२ म्हणजे निम्मी. कागदाचे आकारही ठरलेले आहेत. आमच्या व्यापारी वाचकांच्या नित्य उपयोगांतला ए-४ कागद हा एक चौरस मीटर क्षेत्रफळाच्या ए-० कागदाचा बरोबर सोळावा हिस्सा आहे. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मापांतील सूट, जिला कारखान्यांत 'टॉलरन्स' म्हणतात. आपला सुतार सुतांत बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, सुमारें ३ मिलिमीटर. परंतु २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा बेअरिंगमध्यें बसवावयाचा तर तेथें ०.०२ मिलिमीटरचीही चूक चालत नाहीं असा प्रसंग येतो. म्हणजे सुताचा सुमारें दीडशेंवा भाग! 'बेताबेतानें बसव' या सूचनेवर पाटाचा पाय बसेल, पंपाचा दांडा बसणार नाहीं. किती चूक खपेल हें अगोदर आंकड्यांत लिहून ठेवणें, ही सचोटीची फार वरच्या दर्जाची रीति आहे असें आम्ही समजतों.

आम्हीं कायद्याचा अभ्यास केला असल्यामुळें या विषयाचें एक अंग आम्हांस विशेष दिसतें. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें तेरावें कलम सांगतें कीं, दोन पक्ष एकाच गोष्टीविषयीं एकाच अर्थानें एकमत झाले म्हणजेच संमति झाली. १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यांत वर्णनावरून केलेल्या विक्रीचें पंधरावें व नमुन्यावरून केलेल्या विक्रीचें सतरावें कलम आहे. हळदीचा वा गुळाचा सौदा नमुना दाखवून होतो, हें पेठेंतल्या मुलासही ठाऊक आहे. परंतु जी वस्तु अद्याप जन्मासच यावयाची आहे तिचा नमुना कोठून आणावा? तेथें आरेखन हेंच वर्णन आणि आरेखन हाच दस्तऐवज होय. आतां समजा, एका कारखानदारास परदेशच्या गिऱ्हाइकाकडून एका कोनपट्टीचें आरेखन आलें. वस्तूची डावी बाजू कागदावर कोठें काढावी याच्या जगांत दोन रीति आहेत. प्रथम-कोन रीतींत डावीकडून दिसणारें दृश्य समोरच्या दृश्याच्या उजवीकडे काढतात, तृतीय-कोन रीतींत तें डावीकडेच काढतात. भारतीय मानक संस्थेनें शाळा-महाविद्यालयांसाठीं १९८८ सालीं काढिलेल्या मार्गदर्शिकेंत पहिल्या रीतीचा अंगीकार केला आहे, आणि अमेरिकेंत व जपानांत दुसरी रूढ आहे. कोणती रीति वापरली हें दाखविण्यास कागदाच्या कोंपऱ्यांत छाटलेल्या शंकूचें एक लहानसें चिन्ह असतें. आमच्या कारखानदारानें तें चिन्ह पाहिलेंच नाहीं. त्यानें आपल्या संवयीप्रमाणें कागद वाचला, आणि उजव्या पायाच्या जोड्याऐवजीं डाव्या पायाचे पांचशें जोडे करावे तसा सगळा माल आरशांतल्या प्रतिबिंबासारखा उलटा घडविला. माल परत आला, वाहतुकीचा खर्च अंगावर पडला, आणि फिर्याद लढवावी तर दस्तऐवज प्रतिपक्षाच्या बाजूनें बोलतो! नखाएवढें चिन्ह न वाचल्याची ही किंमत. खरेदीखत न वाचतां सही करणाऱ्या कुळास आपण मूर्ख म्हणतों. मग यास काय म्हणावें?

यापुढील मुद्दा सुधारणेचा आहे, व आमच्या मतें तोच सर्वांत मोठा आहे. आपल्या गांवगाड्यांत सुताराचें ज्ञान सुताराच्या घरांत, लोहाराचें लोहाराच्या व गवंड्याचें गवंड्याच्या घरांत कोंडलेलें होतें. गुण्या, ओळंबा व सूतदोरी यांच्या बळावर या लोकांनीं वाडे, घाट व मंदिरें उभारिलीं, तेव्हां त्यांच्या बुद्धीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु तें ज्ञान बापाच्या हातांतून मुलाच्या हातांत जात असे, कागदावर येत नसे. सबब जातीबाहेरच्या मुलास तें मिळत नसे, मुलीस तर नाहींच नाहीं. आणि एखादा कुशल कारागीर निपुत्रिक वारला म्हणजे त्याच्याबरोबर त्याची विद्याही सरणावर जात असे. ज्ञान कोंडून ठेवण्याचा हा दोष केवळ आपलाच नव्हे. फ्रान्सांत गास्पार मोंज यानें १७६० च्या दशकांत मेझियेर येथील लष्करी शाळेंत घन वस्तु सपाट कागदावर उतरविण्याचें शास्त्र सिद्ध केलें, तेव्हां तेथील सरकारनें तें कित्येक वर्षें लष्करी गुपित म्हणून दडवून ठेविलें. राज्यक्रांतीनंतर १७९५ सालीं मोंजनें त्यावर उघड व्याख्यानें दिलीं, आणि मग तें साऱ्या जगाचें झालें. आपल्याकडे १८९० सालीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें बडोद्यास कलाभवन निघालें, तें त्रिभुवनदास गज्जर यांनीं देशी भाषेंतून धंदेशिक्षण देण्याच्या हेतूनेंच चालविलें. तात्पर्य, विद्या कागदावर आली व लोकभाषेंत आली कीं तिच्यावरील कुळाची मालकी सुटते. रेघेस जात नाहीं. ती ज्यास वाचतां येईल त्याची.

या सूचनेवर जे आक्षेप निघतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, हें सर्व काम आतां संगणक करतो. पेन्सिल व टी-स्क्वेअर यांचे दिवस गेले. संगणकावर आरेखन करण्याच्या आज्ञावल्या १९८२ पासून घरोघरच्या संगणकांत येऊं लागल्या, आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमांतही या विषयास आठवड्यास एक व्याख्यान व चार तास प्रात्यक्षिक ठेवून संगणकास त्यांत मानाचें स्थान दिलें आहे. आम्ही संगणकाचे शत्रु नाहीं. परंतु हिशेबाचें यंत्र आलें म्हणून नफा कोणता व तोटा कोणता हें मुनिमास कळण्याची गरज संपली काय? संगणक रेघ सरळ ओढील. ती कोठें ओढावी, कोणती बाजू दाखवावी, छेद कोठें घ्यावा, कोणतें माप कोठून धरावें हें ठरविणें माणसाच्याच डोक्यावर राहतें. ज्याच्या मनांत वस्तु फिरत नाहीं त्याच्या पडद्यावर ती कितीही फिरली तरी व्यर्थ. शिवाय पेन्सिल, फळा व दोन सेट-स्क्वेअर एवढ्यावर जी विद्या गरिबाच्या घरीं शिकतां येते, ती महागड्या यंत्राच्या मागें लपवून ठेवणें हा गरिबावर अन्याय आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा. सर्व शब्द इंग्रजी, ते मराठींत कसे शिकवावे? यास उत्तर असें कीं, आरेखन ही मुळांतच शब्दांवांचून बोलणारी भाषा आहे, म्हणून मराठी मुलास ती इतर कोणत्याही शास्त्राहून सोपी आहे. 'प्लॅन', 'एलिव्हेशन', 'सेक्शन' हे शब्द कारखान्यांत रुळलेले आहेत ते तसेच राहूं द्यावे. स्पष्टीकरण मात्र मराठींत व्हावें. तंत्रशिक्षण परिषदेनें २०२१-२२ पासून देशी भाषांत अभियांत्रिकी शिकविण्यास मोकळीक दिली आहे; पदवीस जी गोष्ट चालते ती सायंवर्गास कां चालूं नये?

तिसरा आक्षेप आमच्या व्यापारी मित्रांचा: आम्हांस यांत काय? आम्ही दाणा, गूळ व कापड विकतों. त्यांस आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, तुमच्या गोदामाची शेड, घराचा मजला, तोलकांटा व पंप यांचे पैसे तुम्ही कोणत्या कागदावर देतां? बांधकामाचा नकाशा कंत्राटदारानें पसरला म्हणजे आपण मान डोलवितों, आणि भिंत उभी राहिल्यावर 'खिडकी इकडे नको होती' म्हणून हळहळतों. नकाशा वाचणारा धनी फसत नाहीं. आणि तुमचीं मुलें तरी सर्व गादीवरच बसणार आहेत, असें कोणी सांगितलें?

आतां चालू स्थितीकडे वळूं. आपल्या शाळांतून शासकीय रेखाकला परीक्षांस, म्हणजे एलिमेंटरी व इंटरमिजिएट यांस, मुलें मोठ्या संख्येनें बसतात. त्यांत भूमितीय रेखन आहे, आणि इंटरमिजिएटमध्यें घन भूमितिही आहे. म्हणजे ज्या विद्येविषयीं आम्ही बोलत आहों तिचें बीज शाळेंत पडलेलेंच आहे. परंतु पुष्कळ पालकांचें लक्ष दहावीच्या वाढीव गुणांवर, पुष्कळ मुलांचें स्थिरचित्र रंगविण्यावर, आणि भूमितीचा पेपर म्हणजे कसाबसा उरकावयाचा उपद्रव! शंकूचें दृश्य काढणाऱ्या मुलास कोणी असें सांगत नाहीं कीं, बाळ, कुपवाडच्या कारखान्यांत हाच शंकु पोलादाचा होऊन फिरतो. १९५० पासून चालू असलेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या योजनेंत अभियांत्रिकी आरेखन शिकवितात खरें, परंतु तेथें पोंचणारा मुलगा आधींच सोळा वर्षांचा झालेला असतो, आणि पुष्कळ तेथें पोंचतच नाहींत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावें असें सुचविलें आहे. सूचना उत्तम आहे. पण कारागिराकडे पाठविलेल्या मुलाच्या हातांत पेन्सिल व कागद नसेल, तर ते दहा दिवस सहलीचे होतील, शिक्षणाचे होणार नाहींत.

म्हणून आमची सूचना अगदीं मर्यादित व आजच करतां येण्यासारखी आहे. माधवनगरांतील एखाद्या शाळेची एक खोली आठवड्यांतून दोन सायंकाळीं मोकळी मिळावी. वीस फळे, वीस टी-स्क्वेअर व सेट-स्क्वेअरचे जोड पेठेनें वर्गणी करून घ्यावे; त्यास पेठेंतील एखाद्या मोठ्या दुकानाच्या दिवाळीच्या रोषणाईहून अधिक खर्च येईल असें आम्हांस वाटत नाहीं. शिकविण्यास निवृत्त आरेखनकार, प्रशिक्षण संस्थांचे शिक्षक व शाळांचे चित्रकलाशिक्षक या परिसरांत मिळतील. दोन्ही महाविद्यालयांच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसही ही देशसेवा करतां येईल. नमुने पुठ्ठ्याचे नकोत. नट, बोल्ट, कप्पी, बेअरिंगचें घर, पंपाची चकती अशा खऱ्या जिनसा कारखानदारांनीं भंगारांतून द्याव्या. मुलानें त्या हातांत घ्याव्या, मापाव्या, काढाव्या, आणि शेवटीं त्यानें काढलेला कागद दुसऱ्या मुलास देऊन मातीची वा साबणाची तीच वस्तु घडवून घ्यावी. जमली तर तो उत्तीर्ण. याहून प्रामाणिक परीक्षा कोणत्याही विश्वविद्यालयांत नाहीं. तीन महिन्यांत जो एवढें शिकेल त्यास निदान कागद पाहून भीति वाटणार नाहीं. आणि वर्गाचें दार मुलींस मुलांइतकेंच उघडें असावें, हें निराळें सांगावें लागूं नये. पण अनुभव असा आहे कीं, जें सांगितलें नाहीं तें केलें जात नाहीं, म्हणून सांगतों.

राजकीय स्वातंत्र्य १९४७ सालीं मिळालें. परंतु दुसऱ्याच्या आरेखनावर मजुरीनें माल करून देणारें राष्ट्र कारखानदारींत स्वतंत्र झालें असें म्हणतां येत नाहीं. स्वतःचें आरेखन स्वतः करणारा देश तोच स्वतंत्र, आणि तें करणारे हात एकदम आकाशांतून पडत नाहींत; ते कोठल्या तरी गांवच्या खोलींत, दिव्याखालीं, कागदावर पहिली मध्यरेषा ओढून तयार होतात. रंग न ओळखणाऱ्या एका तरुणानें शंभर वर्षांपूर्वीं रेघेच्या आधारानें माळावर गांव वसविलें. आपणांस माळही वसवावयाचा नाहीं आणि मुंबईसही जावयाचें नाहीं. एक खोली उघडावयाची आहे. ती उघडण्यास पेठेंतून पहिला कोण पुढें येतो, हें पाहण्यास आम्ही उत्सुक आहों.